अदबीची घडी

आमच्या रस्त्यावर आता कोणी कोणाला वेळ विचारत नाही. ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आहे. तरी एखाद्याने मनगट वळवून घड्याळ पाहिलं की माझी नजर शिवणावरून उठते. घड्याळ मनगटाच्या बाहेर तर जात नाही ना, मिनिटकाटा खुणेला टेकतो की आधीच थांबतो, पट्टा हाताला धरून बसलाय की बांगडीसारखा फिरतोय, एवढं मी बघून घेते आणि परत मान खाली घालते. मी स्वतः कधी घड्याळ बांधलं नाही. ही नजर मला अक्कांनी दिली.

अक्का म्हणजे शकुंतलाबाई. पाथरीत स्टँडकडून बाजाराकडे येताना डाव्या हाताला एक पत्र्याचं शेड आहे. त्याच्या एका अंगाला माझं पिको-फॉलचं मशीन, दुसऱ्या अंगाला अक्कांचं घड्याळ दुरुस्तीचं टेबल, मध्ये एक लोखंडी खांब. त्या खांबाला आम्हा दोघींच्या डब्याच्या पिशव्या अडकवलेल्या असत. दहा वर्षं आम्ही अशा शेजारी बसलो. मला बोलायची फार भीती. गिऱ्हाइकाने साडी पुढे केली तरी मी मानेनेच हो म्हणते. अक्कांना ते आवडायचं. त्या म्हणायच्या, "कमल, शेजारीण असावी तर तुझ्यावाणी. मला घडीचा आवाज ऐकू येतो."

पहिल्या दिवशी मी त्यांना पाहिलं तेव्हा वाटलं, बाई जरा वेगळीच आहे. कपाळ मोकळं, अंगावर फिकट निळी साडी, हातात एकही बांगडी नाही, आणि डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत तीन घड्याळं. एक बाईचं, दोन पुरुषांची. डोळ्याला भिंग लावून त्या एवढंसं चाक चिमट्याने उचलत होत्या. श्वाससुद्धा मोजून घेत होत्या. टेबलावर चार काचेचे पेले पालथे घातलेले, प्रत्येकाच्या खाली एकेका घड्याळाचे सुटे भाग. वारा आला तरी काही उडू नये म्हणून. दुपारी डबा उघडल्यावर मी सगळा धीर गोळा करून विचारलं, "अक्का, हातात तीन तीन कशाला?"

"टेबलावर पडलेली घडी खरं सांगत न्हाई," त्या म्हणाल्या. "उताणी ठिवली की पळती, उभी टांगली की मागं राहती. माणसाचा हात गरम असतो, घाम येतो, हात हालतो, कुटं तरी आपटतो. तितं नीट चालली तर नीट झाली म्हणायचं. मी एक दिवस वापरून बगते, मंगच देते."

याला त्या चाचणी म्हणत. आज दहाला बांधलेलं घड्याळ उद्या दहालाच हातातून निघायचं. मधे पीठ मळायला आणि आंघोळीला तेवढं काढून त्या पितळी वाटीत ठेवत. गिऱ्हाईक कितीही घाई करो. एकदा एक मास्तर परभणीच्या गाडीसाठी उभे होते आणि गाडी सुटायला आली होती. "अहो बाई, झाली ना दुरुस्त? द्या की मग." अक्कांनी हातावरचं त्यांचं घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, "सर, पोरांचा पेपर अर्धा झाल्यावर घंटा वाजविता का तुमी?" मास्तर घड्याळ न घेता गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. येताना हसत आले.

नळावरच्या बाया त्यांच्या हाताबद्दल बोलायच्या. एक जण तर तोंडावरच म्हणाली, "बांगड्या गेल्या अन् घड्या आल्या, बरं चाललंय शकूबाईचं." मी तिथेच होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्कांनी हंडा कमरेवर घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "बांगड्या होत्या तवा नुसता आवाज व्हता गं. आता वेळ तरी कळायलीय." आणि निघून गेल्या. 

हे काम त्या शिकल्या कशा, ते त्यांनी थोडं थोडं करून सांगितलं. दुकान त्यांच्या मालकांचं, म्हणजे नवऱ्याचं. त्यांना साखरेचा आजार झाला आणि नजर गेली. दुकान बंद करायची वेळ आली तेव्हा अक्का शेजारी जाऊन बसल्या. मालक घड्याळ कानाला लावायचे, ऐकायचे, आणि सांगायचे, तिसऱ्या चाकाजवळ केर अडकलाय. अक्का भिंग लावून बघायच्या तर खरंच तिथे केर. ते कान झाले, या डोळे झाल्या. सहा वर्षं असं चाललं. मालक गेले तोवर अक्कांना डोळेही आले होते आणि कानही. मी हे पाहिलेलं आहे. गिऱ्हाइकाने घड्याळ पुढे केलं की झाकण उघडायच्या आत, नुसतं कानाशी धरून अक्का म्हणायच्या, "सेल न्हाई गेला. आत वलावा शिरलाय."

सगळ्यात जास्त मी चकित झाले ती एका कंडक्टरच्या वेळी. त्याचं घड्याळ दर दोन महिन्यांनी बंद पडायचं. तीन ठिकाणी दुरुस्त करून झालं होतं. अक्कांनी ते उघडलंच नाही. त्याला समोर उभं केलं आणि म्हणाल्या, "गाडीत कसं उभे राहता ते दावा."

"आता इथं?"

"इथंच. समजा गाडी थांबवायचीय."

कंडक्टर लाजत लाजत उभा राहिला आणि डाव्या हाताने वरची दोरी ओढल्यासारखं केलं. झटका देऊन, दोनदा. रस्त्यावरची माणसं हसायला लागली.

"दिवसातून किती बार?"

"मोजलं न्हाई बुवा. दोन-अडीचशे बार तर होत असंल."

"घडी बिघडली न्हाई तुमची. हात बिघडवायलाय. उजव्या हातात बांदा."

त्यानंतर तो माणूस घड्याळ बंद पडलं म्हणून कधी आला नाही. पेढे घेऊन आला.

पण मी जे लिहायला बसले ते वेगळंच आहे. चांगलं घड्याळ म्हणजे काय, हे मला कळलं तो दिवस. एक गुत्तेदार आला होता. रस्त्याची कामं घेणारा, गळ्यात साखळी, हातात हे एवढं सोनेरी घड्याळ. वाटीएवढी डायल, तिच्यात आणखी तीन बारक्या डायली, कडेने चकमकणारे खडे. सेल बदलायला आला होता. अक्कांनी मागचं झाकण उघडलं आणि मला बोटाने बोलावलं. आत बघते तर काय, मशीन करंगळीच्या नखापेक्षा थोडं मोठं, आणि बाकी सगळी जागा पांढऱ्या प्लास्टिकने भरलेली.

"पोट मोठं अन् आतडं इवलंसं," अक्का हळूच म्हणाल्या. सेल टाकून त्यांनी घड्याळ परत दिलं.

गुत्तेदाराने ते हातात चढवलं, हात लांब धरून बघितलं. "अक्का, सोन्यावाणी दिसती की न्हाई?"

"दिसती की. घडीवाणी तेवढी दिसत न्हाई."

तो हसला. त्याला ते कौतुक वाटलं असावं. तो गेल्यावर मी विचारलं, "मग घडी कशी दिसायला पाहिजे?"

अक्कांनी टेबलाचा खण ओढून पावडरचा एक जुना डबा काढला. त्यात कापूस, कापसात पिवळं फडकं, फडक्यात एक घड्याळ. त्यांच्या मालकांचं. चावीचं. ते गेले त्याच्या आधीच बंद पडलं होतं. आतली केसासारखी बारीक स्प्रिंग तुटली होती आणि तसली स्प्रिंग आता मिळत नव्हती.

मला आधी काहीच विशेष वाटलं नाही. पातळ, पांढऱ्या धातूचं, जुन्या रुपयाएवढं. डायल कधीकाळी पांढरी असेल, आता साईच्या रंगाची झालेली. आकडे नव्हते. आकड्यांच्या जागी बारीक रेघा, बाराच्या जागी तेवढी दुहेरी. वर कंपनीचं नाव होतं, तेही पुसट.

"हातात घे," अक्का म्हणाल्या. मी घेतलं. ते हातात आहे की नाही हेच कळेना. "जड न्हाई, व्हय ना? चांगली घडी बांधल्यावर इसरून जावं. आता हे बग. मिनिटाचा काटा कुठवर आलाय?"

"रेघेपर्यंत."

"रेघेला शिवलाय. वलांडला न्हाई, अलीकडंबी थांबला न्हाई. त्या गुत्तेदाराच्या घडीत काटा निम्म्यातच संपतो. सांगतो कुठं अन् बोट कुठं. अन् हा तासाचा काटा बग, तो आपल्या हद्दीत राहतो, मिनिटाच्या रेघांकडं बगतबी न्हाई. दोघं एकमेकाच्या वाटंत येत न्हाईत. आता ही कड बग, पट्टा लागतो तितली. खाली वळलीय. कशापायी? मनगट गोल असतं म्हणून. घडीनं हाताला जागा दिलीय."

मी वाकून बघत होते. चौथी शिकलेली मी. मला मास्तरांनी असं काही कधी दाखवलं नव्हतं. एवढ्याशा गोष्टीत कोणीतरी एवढा विचार करून ठेवला होता, आणि तो विचार दिसू नये याचीही काळजी घेतली होती.

"आकडे नाहीत," मी म्हणाले.

"तुला तुझ्या घरचं दार शोधायला पाटी लागती का?" अक्का म्हणाल्या. "जागा ठाव असली की झालं. माझे मालक म्हणायचे, घडीला अदब पायजे. इचारल्याशिवाय बोलायचं न्हाई, इचारलं की एका नजरंत सांगायचं, अन् परत बाहीखाली जाऊन बसायचं. बास. ह्याच्या वर जे काय असतं ते घडी नसती, दागिना असतो. दागिन्याला माझी ना न्हाई. पण त्याला येळ इचारू नये."

त्या दिवसापासून मी लोकांची मनगटं बघायला लागले.

माझी मुलगी मीना शाळेतून आली की अक्कांच्या टेबलाशी स्टूल ओढून अभ्यास करायची. घड्याळ बघायला तिला अक्कांनी शिकवलं. अक्कांना मूलबाळ नव्हतं. मीनाचं लग्न ठरलं वालूरच्या प्रकाशशी. सोसायटीत क्लार्क, मुलगा शांत. बैठकीत त्याचे मामा बोलत होते. कपडे, अंगठी, भांडी झाल्यावर म्हणाले, "अन् घडी. आमच्यात सासुरवाडीची घडी बांधूनच नवरदेव मांडवात येतो. लांबून दिसंल अशी घ्या, म्हंजे झालं." मीनाचे वडील हो म्हणाले. मी चहाचे कप उचलले.

दुसऱ्या दिवशी अक्कांना सांगितलं. संध्याकाळी टेबल आवरताना म्हणाल्या, "मीनाच्या नवऱ्याला घडी मी देणार. तू घ्यायची न्हाई."

"कोणती?"

त्यांनी पावडरचा डबा टेबलावर ठेवला.

मी घाबरून नको नको म्हणाले. मालकांची आठवण. अक्का म्हणाल्या, "कापसात ठिवलेली घडी म्हंजे काय आठवण हाय का? बंद हाय ती. चालली तर आठवण."

मग दीड महिना त्यांनी जे केलं ते मी मशीन थांबवून बघत असे. परभणीला तीन चकरा मारल्या, भंगारात गेलेली जुनी घड्याळं किलोवर मिळतात ती आणली. एकेक उघडून बघितलं. तसली स्प्रिंग कशात नव्हती. एकात जवळपासची होती, थोडी लांब. ती त्यांनी कापली, परत परत कापली. केसाएवढी जास्त कापली असती तर सगळं वाया. लग्नाला तीन दिवस राहिले होते. दुपारी बाराच्या सुमारास अक्कांनी मला हाक मारली नाही, नुसता हात वर केला. मी गेले. त्यांनी डोळ्याचं भिंग काढून मला दिलं.

मी बघितलं. आत एक सोनेरी चाक होतं, निपचित. अक्कांनी चावीला दोन वेढे दिले आणि चिमट्याच्या टोकाने त्या चाकाला अगदी फुंकर मारावी तसा धक्का दिला. चाक एकदा इकडे गेलं, एकदा तिकडे. मग थांबलंच नाही. पाखराची छाती उडते तसं उडायला लागलं. मला वाटलं, माझ्या बघण्यानेसुद्धा ते थांबेल. मी श्वास धरून राहिले. किती वेळ ते माहीत नाही. भिंग काढलं तेव्हा अक्का तोंडाला पदर लावून रस्त्याकडे बघत होत्या.

आणखी दीड दिवस काटे, काच, नवा काळा पट्टा यात गेला. लग्नाच्या आदल्या दिवशी बरोबर दहा वाजता त्यांनी ते स्वतःच्या मनगटावर बांधलं. "उद्या दहाला चाचणी पुरी व्हती. मी घेऊनच येते कार्यालयात. नवरदेवाचा पोशाख चढवायच्या आत."

त्या तशाच आल्या. दहाला पाच कमी असतील. नवरदेवाच्या खोलीत प्रकाश पाटावर बसला होता, अंगाला हळद लागलेली, बाजूला आम्ही दिलेला पोशाख. मामा, दोन-चार बायका, मी. अक्का दाराशी उभ्या राहिल्या, मनगटाकडे बघत. दहा वाजले तशा हसल्या, पट्टा सोडला आणि घड्याळ पुढे केलं. "एक मिनिटसुद्धा इकडं तिकडं न्हाई. घ्या जावईबापू."

प्रकाशने हात पुढे केला होता. मला नीट आठवतं, केला होता. तेवढ्यात मामा मधे आले.

"थांबा. ह्या बाई कोण?"

"आमच्या शेजारी," कोणीतरी म्हणालं.

मामांनी अक्कांच्या कपाळाकडे बघितलं, हाताकडे बघितलं. "विहीणबाई, रांडमुंड बाईच्या हातातली काढून नवरदेवाच्या हातात घालायलाव का? आज? ह्या टायमाला?"

अक्कांचा हात तसाच पुढे राहिला. घड्याळाच्या नादात आपण कोण आहोत हेच अक्का विसरून गेल्या होत्या. मीही विसरले होते. दीड महिन्यात एकदाही माझ्या मनात आलं नाही. आता सगळे माझ्याकडे बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं. ह्यांच्या हाताला लागल्याशिवाय घड्याळ खरं होत नाही, एवढंच. माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. मी जमिनीकडे बघत राहिले.

अक्कांनी हात मागे घेतला. "चुकलं माजं," त्या म्हणाल्या. "उरकून घ्या तुमी, मुहूर्त जवळ हाय." आणि मांडवातून न जेवता गेल्या. मामांनी बाजारातून एक मोठं सोनेरी घड्याळ आणवलं. लग्न व्यवस्थित झालं. फोटोत ते घड्याळ लांबून दिसतं.

दुसऱ्या दिवशी बुंदीचा डबा घेऊन मी दुकानात गेले. अक्का टेबलाशी बसल्या होत्या, डोळ्याला भिंग. हातात ते घड्याळ.

"ठिव तितं," डब्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "मीना रडली का गं जाताना?"

मी हो म्हणाले. मग म्हणाले, "अक्का, ते घड्याळ..."

"चाचणी चालू हाय," अक्का म्हणाल्या.

यानंतर त्यांनी त्या गोष्टीचा उल्लेख केला नाही. रागावल्या नाहीत, अबोला धरला नाही. त्यांचं ते न रागावणं मला रोज टोचायचं. बाकीची घड्याळं एका दिवसात हातावरून जायची, ते जाईना. रोज सकाळी दुकान उघडलं की त्या त्याला चावी द्यायच्या. मोजून वीस वेढे, शेवटचे दोन अगदी सावकाश. कोणी विकत मागितलं तर म्हणायच्या, "माजी न्हाई ती. जावयाची हाय." कोणाचा जावई, हे विचारायचं धाडस कोणाला झालं नाही. सहा महिने अक्कांनी दुसऱ्याचं घड्याळ असं सांभाळलं की जणू ज्याचं आहे तो उद्याच न्यायला येणार आहे. मीनाने फोनवर सांगितलं, ते सोनेरी घड्याळ प्रकाश लग्नानंतर वापरतच नाही, बाहीत अडकतं. "आई, त्यांनाबी लय वाईट वाटलं होतं. पण पाटावर बसल्या बसल्या मामांपुढं बोलता आलं न्हाई." मी म्हणाले, मलाही आलं नाही.

दिवाळसणाला मीना आणि प्रकाश आले. मामांचं पाथरीत काम होतं, तेही बरोबर आले. मीनाने प्रकाशला ओवाळलं. आता मी ताटात जावयाचा आहेर ठेवायचा. शर्टाचं कापड घडी करून माझ्या हातात होतं. ते ठेवायला मी वाकले, आणि समोर प्रकाशचं मनगट दिसलं. रिकामं. का कोण जाणे, मी कापड ठेवलं आणि उभी राहिले.

"जावईबापू," मी म्हणाले, "तुमची घडी तयार आहे. घ्यायला चला."

मीनाचे वडील माझ्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत चार माणसांत माझा आवाज त्यांनी ऐकला नव्हता.

मामा म्हणाले, "कोणती घडी?"

"अक्कांच्या हातावरची," मी म्हणाले. "त्यांच्या हातावर चालली म्हणून ती खरी आहे. मला हे तेव्हाच बोलायला पाहिजे होतं."

मामांनी तोंड उघडलं. पण प्रकाश उठला होता. "मामा, चहा घ्या तवर. मी आलो," म्हणाला आणि चपला घातल्या.

बाजाराचा दिवस होता, रस्ता भरलेला. अक्कांनी आम्हाला येताना पाहिलं आणि हातातला चिमटा खाली ठेवला. मी म्हणाले, "अक्का, हे घड्याळ न्यायला आलेत. तुमच्या हातानं बांधा."

अक्कांनी प्रकाशकडे बघितलं. "माज्या हातची चालंल का?" त्यांनी एकदाच विचारलं.

"तुमच्याच हातची पायजे," प्रकाश म्हणाला. "दुसऱ्या कुणाच्या हातावर एवढी चाचणी झालीय?"

अक्का हसल्या. लगेच कामाला लागल्या. "लिहिता कोणत्या हातानं?"

"उजव्या."

"मंग डावा द्या." पट्टा सोडून त्याच्या मनगटाला लावून बघितला, आरीने एक नवं भोक पाडलं, हाडाच्या जरा मागे बसवला. एक बोट पट्ट्याखालून सरकवून बघितलं. "रोज एकाच टायमाला चावी द्यायची. चावी घट्ट लागायच्या आत थांबायचं. पाण्यात न्यायची न्हाई. अन् कुणाला दावायची न्हाई. दिसंल ज्याला दिसायची त्याला." त्याच्या शर्टाची बाही त्यांनी स्वतः खाली ओढली. घड्याळ दिसेनासं झालं. अक्कांनी मान हलवली, एखादी चाचणी पुरी झाली की हलवायच्या तशी.

नंतर फार दिवस नाही झाले. अक्कांच्या डोळ्यांना बारीक काम दिसेनासं झालं. ताडकळसला त्यांचे भाऊ असतात, त्यांनी बोलावून घेतलं. अक्कांनी हातातलं शेवटचं घड्याळ चाचणी करून गिऱ्हाइकाला दिलं, पेले धुऊन मला दिले, आणि टेबल उचललं.

स्टँडवर मी सोडायला गेले. प्रकाश कामासाठी पाथरीत आला होता, त्याने पेटी गाडीत चढवून दिली. अक्का खिडकीशी बसल्या. डावा हात खिडकीच्या दांडीवर होता. इतक्या वर्षांत तो हात मी पहिल्यांदा मोकळा पाहिला. उन्हाने काळवंडलेल्या मनगटावर पट्ट्याएवढी गोरी रेघ होती, आणि वर कोपरापर्यंत तशाच आणखी दोन, पुसट.

त्यांनी सवयीने मनगट वळवलं. तिथे काही नव्हतं. स्वतःशीच हसल्या. आणि जी बाई अख्ख्या रस्त्याला वेळ सांगायची तिने मला विचारलं, "किती वाजले गं, कमल?"

मी गोंधळले. शेजारी प्रकाश उभा होता. त्याने मनगट थोडं वळवलं, बाही बोटभर मागे सरली, एक नजर टाकली, हात खाली सोडला.

"नऊ वाजून दहा मिनिटं, अक्का."

अक्का वेळ ऐकत नव्हत्या. बाही परत खाली येऊन घड्याळ झाकेपर्यंत त्या त्याच्या हाताकडे बघत होत्या. मग माझ्याकडे वळल्या. डोळे भरलेले, आणि चेहऱ्यावर असं काही, जे भिंगातून ते चाक बघताना माझ्या चेहऱ्यावर आलं असेल.

"बगितलंस?" त्या म्हणाल्या.

गाडी सुरू झाली होती, आवाज फार होता. "बघितलं!" मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली.